घराचे नाक

मराठी माणसाने नाकाला जेवढे कामाला जुंपले आहे, तेवढे दुसऱ्या कोणत्याही अवयवाला जुंपले नसेल. आपण नाकासमोर चालतो, नाकाने कांदे सोलतो, दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसतो. खरे बोलले की कोणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबतात, घरात कार्य निघाले की यजमानाच्या नाकी नऊ येतात, आणि मुलगा नापास झाला तर सगळ्या घराण्याचे नाक कापले जाते. महाविद्यालयात मराठी शिकविताना हे वाक्प्रचार मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. पण नाकाचे मूळचे काम वास घेण्याचे, या साध्या गोष्टीकडे माझे लक्ष गेले ते फार उशिरा, आणि तेही एका नरकचतुर्दशीच्या पहाटे.

आमच्या घराचे नाक म्हणजे माझी आई. दूध नासणार हे तिला ते नासण्याआधी कळे. जिन्यात पाऊल टाकताच कोणत्या मजल्यावर कोणाकडे काय शिजते आहे, हे ती बिनचूक सांगे. खमंग, करपट, खवट, कुबट, आंबूस, उग्र, कोंदट अशी वासाची किती विशेषणे आपल्या भाषेत आहेत! मी ती कोशात वाचली. आई ती रोज वापरीत असे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली. देवाच्या कृपेने बरी झाली, पण वास गेला तो गेलाच. पुष्कळांचा परत आला, तिचा आला नाही. तिने ही गोष्ट सहा महिने कोणाजवळही बोलून दाखविली नाही. एके दिवशी गॅसवर दूध उतू जाऊन पातेले पार करपले, सारे घर धुराने भरले, आणि आई शेजारच्या खोलीत शांतपणे वाती वळीत बसली होती. तेव्हा आम्हांला उलगडा झाला.

मग आम्ही एक यंत्र आणले. गॅस गळला की ओरडणारी, तळहाताएवढी पांढरी पेटी. त्या वेळी आमच्याकडे सिलिंडर होता, म्हणून बसविणाऱ्याने ती ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवून दिली. हिरवा दिवा लागला आणि आम्ही निश्चिंत झालो. पण पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, हे नवे नाक जरा आगाऊ आहे. ओट्याशी उभे राहून सॅनिटायझरने हात चोळले की ते ओरडे. कन्येने नखांचा रंग पुसायला बाटली उघडली की ते ओरडे. एकदा तर मी रेडिओवरील भाषणाची तयारी करीत असता ते इतके कर्कश ओरडले की, मी रागारागाने त्याचे बटणच बंद केले. आईने ते संध्याकाळी पुन्हा सुरू केले. “ओरडू दे रे,” ती म्हणाली, “मला वास येत नाही, निदान ऐकू तरी येतं.”

पुढे २०२३ साली आमच्या सोसायटीत नळाचा गॅस आला. सिलिंडर गेला, त्याच्या जागी कांद्याबटाट्यांची टोपली आली. यंत्र मात्र होते तेथेच राहिले.

त्या वर्षीची नरकचतुर्दशी. आई नेहमीप्रमाणे चारलाच उठली. उटणे कालविले, तेल कोमट केले, आणि दुसऱ्या शेगडीवर चहाचे आधण ठेवून ती देवघरात गेली. फटाक्यांचा धूर येतो म्हणून खिडक्या रात्रीपासून बंदच होत्या. आधण उतू गेले, शेगडी विझली. गॅस मात्र चालूच राहिला. वीस-पंचवीस मिनिटांनी आई परत आली ती काडेपेटी घेऊन, ओवाळण्याचे निरांजन लावायला. तेवढ्यात आमची कन्या डोळे चोळीत दारात आली आणि म्हणाली, “आजी, गॅसचा वास येतोय.”

“मला नाही येत,” आई म्हणाली. आणि हे शब्द तोंडून निघताक्षणीच तिचा हात थांबला. काडी पेटीवर टेकलेली होती.

तिने काडेपेटी तशीच खाली ठेवली, शेगडीचे बटण बंद केले, नळाची कळ फिरविली, दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या सताड उघडल्या आणि नातीला घेऊन बाहेर जिन्यात येऊन उभी राहिली. आम्ही धावत आलो. ओट्याखाली यंत्राचा हिरवा दिवा संथपणे जळत होता. आईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. “मला कळलंच नाही रे,” एवढेच ती म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे फटाके वाजले नाहीत.

दिवाळीची सुटी संपल्यावर मी ही हकीकत आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना सांगितली आणि यंत्र करणाऱ्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी विचारले, “यंत्र किती उंचीवर आहे?” मी वीत दाखविली. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, सिलिंडरमधला गॅस हवेहून जड. प्रोपेन हवेच्या दीडपट, ब्यूटेन दुप्पट. तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. नळाचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो सरळ छताकडे जातो. गॅस वर आणि तुमचं यंत्र खाली! त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? शिवाय ते सिलिंडरच्या गॅससाठी जुळवलेलं असणार.” गॅस स्फोटाच्या मर्यादेपर्यंत गेला असेल का, असे मी भीतभीत विचारले. हवेत मिथेन सुमारे ५ टक्के झाला की तो भडकू शकतो, सिलिंडरचा गॅस तर २ टक्क्यांच्या आसपासच. “कदाचित तेवढा साठला नसेलही,” ते म्हणाले, “पण तो हिशेब काडी ओढून करायचा नसतो.”

त्यानंतर त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन असे एक यंत्र उघडून दाखविले. आत शर्टाच्या गुंडीएवढी एक डबी, तिच्या तोंडावर बारीक जाळी, आणि जाळीच्या आत एक पांढुरका कण. सगळी करामत त्या कणाची. तो कशाचा केलेला असतो, तर कथिलाच्या भस्माचा! ज्या कथिलाने आपल्या आज्या पितळी पातेल्यांना कल्हई लावून घेत, तेच हे कथील. आयुर्वेदात त्याच्या भस्माला वंगभस्म म्हणतात. रसायनशास्त्रात त्याला टिन ऑक्साइड म्हणतात.

हा कण आतल्या आत तीन-चारशे अंशांपर्यंत तापवलेला असतो. स्वच्छ हवेत त्याच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायू येऊन बसतो, आणि बसताना कथिलाच्या भस्मातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. विजेचा प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांचीच ये-जा. तेच अडकून पडले म्हणजे प्रवाहाची वाट अडते. आता तेथे जळणारा वायू आला की तो तापलेल्या पृष्ठभागावरील प्राणवायूशी संयोग पावतो, धरलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि प्रवाह एकदम सुरळीत वाहू लागतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला की भोंगा वाजतो. वायू निघून गेला की हवेतील प्राणवायू पुन्हा येऊन आपली जागा धरतो आणि कण पुढच्या पाळीला तयार होतो. भस्माचे कण जितके सूक्ष्म, तितके हे नाक तिखट. त्यात पॅलेडियमसारख्या धातूचा अंश घातला तर आणखी तिखट.

ही युक्ती काढली जपान्यांनी. त्या काळी जपानात घरोघर सिलिंडरचा गॅस येऊ लागला होता आणि स्फोटही होत होते. १९६२ साली नाओयोशी तागुची यांनी या कथिलाच्या भस्माच्या संवेदकाचे पेटंट मागितले. त्याच वर्षी क्यूशू विद्यापीठातील सेइयामा यांनी जस्ताच्या भस्माचा असाच गुण प्रसिद्ध केला. १९६८ च्या सुमारास तागुचींचा संवेदक बाजारात आला आणि आज साऱ्या जगातील स्वयंपाकघरांत त्याचीच भावंडे पहारा करीत आहेत.

पण यंत्रे येण्यापूर्वी माणूस काय करी? तो दुसऱ्याचा जीव पणाला लावी. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत स्फोटानंतर जी माणसे मरत, ती बहुधा आगीने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९६ साली दाखवून दिले. हा गृहस्थ असा की, तो विषारी वायू स्वतःच्या छातीत ओढून काय होते याची टिपणे ठेवी. या वायूला वास नाही, रंग नाही. हाल्डेनने सुचविले की, खाणीत उतरताना उंदीर किंवा चिमुकला पक्षी बरोबर न्यावा. लहान जिवाचा श्वास जलद. माणसाला भोवळ येण्यापूर्वी तो कोसळतो. १९११ पासून इंग्लंडच्या खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून उतरू लागले. काही पिंजऱ्यांना प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेली असत, पक्षी कोसळला की त्याला शुद्धीवर आणण्यासाठी. त्या कठोर धंद्यातील माणसांनी एवढ्याशा जिवाची ही काळजी घेतली, हे वाचून बरे वाटते. या पक्ष्यांना सेवानिवृत्ती देण्याचा निर्णय झाला तो १९८६ साली. त्यांच्या जागी विजेवर चालणारी यंत्रे आली.

त्याही पूर्वीचा पहारेकरी म्हणजे डेव्हीचा दिवा. सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविली. आतली ज्योत जाळीबाहेरच्या वायूला पेटवीत नसे; पण वायू असला की ज्योतीवर निळसर टोपी चढे, आणि जाणता खाणकामगार ती पाहून सावध होई. आमच्या यंत्रातील डबीवरची जाळी हीच. आतला कण तापलेला, बाहेर गॅस, आणि मध्ये डेव्हीची जाळी. दोनशे वर्षांपूर्वीचा तो दिवा आपल्या ओट्याजवळ असा लपून बसला आहे.

आता वाचक विचारतील की, गॅसला तर चांगला सणसणीत वास असतो, मग हा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर असे की, तो वास गॅसचा नव्हेच. गॅस स्वतः जवळजवळ निर्गंध. वास असतो त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन वर्गातील द्रव्याचा. अब्जावधी भाग हवेत त्याचा एखादा भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. ही पद्धत सक्तीची झाली ती फार मोठी किंमत मोजून. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास संस्थानात न्यू लंडन या गावच्या शाळेत इमारतीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू साठत गेला. त्याला वास नव्हता. शाळा सुटायच्या सुमारास कार्यशाळेतील एक विजेचे यंत्र सुरू केले गेले, ठिणगी उडाली आणि शाळा उचलली गेली. सुमारे ३०० जण गेले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर काही आठवड्यांतच तेथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला. आपल्या नाकाला झोंबणारा तो कुजकट वास म्हणजे त्या मुलांनी जगाला दिलेला निरोपच आहे, असे मला आता वाटते.

पण या उपायातही एक उणीव राहिलीच. वास दिला तरी घेणारे नाक हवे. म्हाताऱ्या माणसांचे नाक मंद होते, सर्दीने ते बंद होते, करोनाने कित्येकांचे गेले. शिवाय नाक थकते. पाहुण्याला आपल्या घराचा वास येतो, आपल्याला येत नाही. कारण नाक पाच-दहा मिनिटांत सरावते. गटारातील हायड्रोजन सल्फाइडचा प्रकार तर याहून भयंकर. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की थोड्याच वेळात नाकाची संवेदनाच मरते. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला म्हणजे वायू गेला. वायू गेलेला नसतो. आपल्या सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्यांत माणसे जातात आणि परत येत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला आहे. तरी वर्तमानपत्रांत त्या बातम्या येतच राहतात. आपण ज्यांचा वास येऊ नये म्हणून नाकाला रुमाल लावतो, त्यांच्या नाकाचा विचार कधी तरी करावयास हवा. टाकी यंत्राने उपसण्याचा खर्च सभेपुढे आला की, हात वर करताना एवढी गोष्ट आठवावी.

कथिलाच्या कणाचाही मोठा दोष आहे, तो म्हणजे त्याला पारख नाही. जळण्याजोगा कोणताही वायू त्याला सारखाच. म्हणून सॅनिटायझर आणि गॅस यांत त्याला भेद कळत नाही. यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मला, एका भाषेच्या शिक्षकाला, फार आवडला. १९८२ साली इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी वेगवेगळ्या स्वभावाचे संवेदक एकत्र बसविले. प्रत्येक जण थोडा चुकतो, पण प्रत्येकाची चूक निराळी. सगळ्यांच्या उत्तरांची मिळून जी आकृती होते, ती एकेका वासाची निराळी. एका अक्षराला अर्थ नसतो. अक्षरे जुळली म्हणजे शब्द होतो, तसेच हे. आपले नाकही असेच काम करते. आपल्या देशात कोलकात्याच्या सी-डॅक संस्थेने चहाची प्रत ओळखणारे असे इलेक्ट्रॉनिक नाक तयार केले आहे. वास आकड्यांत मोजता येतो, हे ऐकून आमच्या आईने मात्र नाक मुरडले!

पण एवढी सगळी नाके असून उपयोग काय, जर ऐकणारा कान नसेल? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटची गळती सुरू झाली, तेव्हा ती प्रथम कळली ती कामगारांच्या डोळ्यांना. या वायूचा वास येण्याआधीच डोळे चुरचुरतात. डोळ्यांची ही आगच तेथे गळतीची खूण मानली जात असे. आणि त्या रात्री, चहानंतर पाहू, असे ठरल्याचे पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांत नमूद आहे. चहा झाला तोवर वेळ गेली होती. हजारो माणसे मेली. हे वाचताना मला रेडिओच्या भाषणासाठी बंद केलेले आमचे यंत्र आठवले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. खोटी ओरड ऐकून कंटाळणे आणि खरी हाक ऐकून ‘पाहू’ म्हणणे, या दोहोंत अंतर फार थोडे असते.

मला जे उशिरा कळले, ते वाचकांना वेळेवर कळावे म्हणून चार गोष्टी सांगतो. सिलिंडर असेल तर यंत्र जमिनीपासून फूटभराच्या आत, नळाचा गॅस असेल तर छतापासून फूटभराच्या आत. आणि ते त्या-त्या वायूसाठीच केलेले असावे. गॅस बदलला की यंत्रही बदलावे. त्याच्यावर मुदत छापलेली असते ती पाहावी; कारण सिलिकॉनयुक्त पॉलिश आणि फवारे यांनी हा कण हळूहळू बधिर होतो आणि हिरवा दिवा मात्र तसाच जळत राहतो. वास आला किंवा यंत्र ओरडले तर काडी ओढू नये, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. गॅस बंद, खिडक्या उघड्या आणि माणसे बाहेर. आणि एक विशेष: न्हाणीघरातील गॅसच्या गिझरपासून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि स्वयंपाकघरातील हे यंत्र त्याच्यासाठी नाही. त्याचा संवेदक वेगळा. त्यात तो वायू प्लॅटिनमवर संयोग पावून स्वतःच इवलासा विद्युत्प्रवाह निर्माण करतो. पण त्याहून महत्त्वाचे, तो गिझर बंद न्हाणीघरात असूच नये.

आमचे नवे यंत्र आता छताजवळ आहे. तेही आगाऊच आहे. हिंग-मोहरीच्या फोडणीचा धूर वर गेला की कधीकधी ओरडते. पूर्वी आम्ही त्रासत असू. आता मात्र एक शिरस्ता पडला आहे. ते ओरडले की आई आधी उठून शेगडीची दोन्ही बटणे हाताने चाचपून पाहते, नळाची कळ पाहते, खिडकी उघडते. सारे ठीक आहे अशी खात्री झाली म्हणजे पुन्हा कढईशी येते आणि सुनेला म्हणते,

“फोडणी छान बसली हो आज. मला आत्ताच वर्दी आली.”